विजेचा पट्टा आणि शिक्षेची नीती

कुत्र्यांच्या प्रशिक्षणासाठी वापरली जाणारी इलेक्ट्रॉनिक कॉलर म्हणजे बॅटरीवर चालणारा गळपट्टा. त्याच्या आतल्या बाजूला धातूची दोन बोथट टोके असतात. ती केसांतून थेट कातडीला टेकावीत म्हणून पट्टा घट्ट आवळावा लागतो. दूर उभ्या माणसाने रिमोटचे बटण दाबले की मानेला विजेचा झटका बसतो. त्याची तीव्रता कमी-जास्त करता येते. अमेरिकेत १९६०च्या दशकात शिकारी कुत्र्यांसाठी निघालेले हे साधन पुढे घरोघरच्या कुत्र्यांच्या गळ्यात आले. जर्मनीच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने २००६ मध्ये त्याचा वापर प्राणिसंरक्षण कायद्याविरुद्ध ठरवला, तर वेल्सने २०१० मध्ये त्यावर बंदी घातली. मूळ प्रश्न मात्र नीतीचा आहे : मुक्या जिवाला त्याच्याच भल्यासाठी वेदना द्यावी का?

समर्थकांचा युक्तिवाद उपयुक्ततावादी आहे. रस्त्यावर धावणारा किंवा मेंढ्यांवर तुटून पडणारा कुत्रा जिवाला मुकू शकतो; क्षणभराच्या झटक्याने तो वाचत असेल, तर हिशेब वेदनेच्या बाजूने लागतो. उपयुक्ततावादाचा प्रवर्तक जेरेमी बेंथम याने १७८९ मध्ये प्राण्यांच्या बाबतीत बुद्धी किंवा भाषा नव्हे, तर दुःख भोगण्याची क्षमता हीच कसोटी मानली. त्या कसोटीवर हा युक्तिवाद टिकायचा, तर वेदना अटळ हवी आणि अल्पही हवी.

ती अटळ नाही. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी ६३ पाळीव कुत्र्यांचे प्रशिक्षण तपासले. खाऊ आणि शाबासकी देऊन शिकवलेले कुत्रे हाकेला ओ देण्यात कॉलरवाल्या कुत्र्यांपेक्षा मागे पडले नाहीत, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसते.

वेदना अल्प असते का, याचे उत्तर हॅनोव्हरमधील संशोधकांनी बीगल जातीच्या १४ कुत्र्यांवर केलेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मिळते. नकली भक्ष्याला तोंड लावताच ज्यांना झटका बसला, त्यांच्या लाळेतील कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक फारसे वाढले नाही. ज्यांना झटका केव्हाही, कशाशीही संबंध नसताना बसला, त्यांच्यात ते सर्वाधिक वाढले. म्हणजे दुःखाचे मोजमाप केवळ विजेच्या जोरावर होत नाही. वेदना कशामुळे आली आणि ती कशी टाळता येईल हे कळते की नाही, यावर ते ठरते.

शिक्षा आणि निव्वळ इजा यांतला भेदही इथेच आहे. भोगणाऱ्याला आपले कृत्य आणि त्याचे फळ यांचा संबंध उमगला, तरच त्या वेदनेला शिक्षा म्हणता येते. कॉलर हा संबंध सहज तोडते. कुत्रा समोरच्या लहान मुलाकडे झेपावत असताना झटका बसला, तर त्याच्या लेखी ती वेदना त्या मुलाकडून आलेली असू शकते. मग आज्ञापालनाऐवजी मुलांची धास्ती बसते. महाभारताच्या आदिपर्वात राजा जनमेजयाचे भाऊ सरमा या कुत्रीच्या पिल्लाला यज्ञाच्या ठिकाणी मारतात. त्याने हवीकडे पाहिलेले नसते, ते चाटलेलेही नसते. सरमा येऊन अपराध विचारते आणि कोणालाच उत्तर देता येत नाही. ज्याला मारले त्याच्या वतीने कारण विचारण्याचा हक्क ही कथा मान्य करते.

जैन विचार मारणाऱ्याच्या चित्ताकडे पाहतो. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाव्रताचे अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगताना बांधणे, मारणे, अवयव छेदणे, जास्त ओझे लादणे आणि अन्नपाणी रोखणे ही कृत्ये मोजली आहेत. जनावर पाळणाऱ्या गृहस्थाच्या रोजच्या व्यवहारातलीच ही कृत्ये आहेत. त्याच ग्रंथात हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे बेसावध वृत्तीत, दाखवले आहे. हात उगारणाऱ्याला निदान आपण मारतो आहोत हे जाणवते. बटण दाबणाऱ्याला बोटाच्या हालचालीपलीकडे काहीच करावे लागत नाही. प्रमादाला याहून सोयीचे साधन नाही.

अचूक वेळी, निष्णात हाताने दिलेल्या एखाद्या झटक्याने कुत्र्याचा जीव वाचू शकतो, हे नाकारता येत नाही. पण तसे कौशल्य बाजारात पट्ट्याबरोबर विकत मिळत नाही, आणि धोक्याच्या जागी लांब दोरी बांधण्याचा साधा मार्ग उपलब्ध असतो. कुत्रा आपली संमती देऊ शकत नाही, जाबही विचारू शकत नाही. म्हणून वेदना आवश्यक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी सर्वस्वी माणसावर येते. आणि शिकवण्याचा दयाळू मार्ग खुला असेतोवर ती त्याला पार पाडता येत नाही.