पंप खाली ठेव, पान उलटून बघ

पंप खाली ठेव. नोझल बंद कर आणि इकडे सावलीला ये. सकाळचे दहा वाजलेत, वेलावरची फुलं उघडलेली आहेत, मधमाश्या त्यांत शिरतायत, आणि तू त्याच फुलांवर कीटकनाशकाचा फवारा धरलायस. का धरलास? तर म्हणे दुकानदार म्हणाला, व्हायरस आलाय, एक हात मारून घ्या. दुकानदार रानात आला होता? त्यानं पान पाहिलं? तू पाहिलंस? कृषी पदविकेच्या वर्गात दोन वर्षं माझ्यासमोर बसलेला, कीटकशास्त्रात पहिल्या वर्गाचे गुण घेतलेला मुलगा तू. न शिकलेल्या माणसाकडून हे झालं असतं तर मी समजावून सांगितलं असतं. तुला जाब विचारणार. तुला हे सगळं येत होतं, तू बघायचा कंटाळा केलास.

ते पान तोड आणि उलट कर. शिरांच्या कडेला बारीक जाळी दिसते? भिंग आण, नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन बघ. लालसर ठिपके चालतायत ना? हा लाल कोळी. याला आठ पाय असतात, हा कीटकच नव्हे, आणि रस शोषणाऱ्या किडींसाठी म्हणून तू जे आणतोस त्यातल्या बहुतेकांनी तो मरत नाही. वरून पान पिवळट ठिपक्यांचं दिसलं की तुम्ही सगळे त्याला व्हायरस म्हणून मोकळे होता. आणि हा कोळी एवढा वाढला कसा? गेल्या आठवड्यात तू सिंथेटिक पायरेथ्रॉइड मारलंस. त्यानं कोळी राहिला आणि त्याला खाणारे मेले, ढालकिडे गेले, शिकारी कोळी गेले. राखणदार तूच मारलेस. त्यात चाळीस अंशांचं कोरडं ऊन आणि रस्त्याकडच्या सऱ्यांवर धुळीचा थर, म्हणजे कोळ्याला हवं ते सगळं. पहिली लागण चार-पाच वेलांवर दिसली तेव्हा खालची पानं काढून जाळली असतीस, पानांच्या मागच्या बाजूला साध्या पाण्याचा जोरदार फवारा दिला असतास, तरी पुष्कळसं आटोक्यात आलं असतं. तेव्हा तू रानात नव्हतास.

आणि दुकानात गंधकाचं पोतं मिळतं म्हणून आता ते आणू नकोस. भुरीला आणि कोळ्याला गंधक चालतं हे पुस्तकात वाचलंस, पण काकडीवर्गातल्या वेलांना ते सोसत नाही आणि या तापमानात तर पानं करपून जातात, हे त्याच पानावर खाली लिहिलेलं होतं.

खरा व्हायरस कसा असतो ते तुला दाखवतो, कारण तोही तुझ्या रानात आहे. त्या कोपऱ्यातला वेल बघ. पानावर हिरवे-पिवळे चट्टे, पान आखडलेलं, शेंडा खुजा, काकडीवर उंचवटे. हा मोझॅक. तो मावा आणतो, आणि मावा पानात सोंड घालून चव घेतो तेवढ्या वेळात विषाणू आत जातो. तुझं औषध त्या माव्याला मारीपर्यंत काम झालेलं असतं. म्हणून मोझॅकवर फवारणी हा उपाय होऊच शकत नाही. उपाय सगळे आधीचे आहेत. लागवडीच्या आधी प्लॉटच्या चारी बाजूंनी मक्याच्या दोन ओळी पेरायच्या, बांधावरचं तण काढायचं, मल्चिंग पेपरची चंदेरी बाजू वर ठेवायची, कारण त्या चकाकीनं मावा आणि पांढरी माशी बिचकते. तू काळी बाजू वर अंथरलीस. तिनं माती तापवली, कोवळी रोपं खोडाशी भाजली, आणि ती मेली म्हणून तू बुरशीनाशकाची आळवणी केलीस. बुरशी नव्हतीच. आता रोगट वेल मुळासकट उपट आणि बाहेर ने.

बाहेर म्हणजे बांधापलीकडे नव्हे. पलीकडे काय ठेवलंयस ते मी येतानाच पाहिलं. जानेवारीत लावलेला पहिला प्लॉट संपून किती दिवस झाले? वेल तसेच तारेवर उभे आहेत. पानं वाळतायत तशा तिथल्या सगळ्या किडी उठून या कोवळ्या प्लॉटवर येतायत, आणि तू दर आठवड्याला पैसे खर्च करून त्या मारतोयस. तो प्लॉट आज संध्याकाळपर्यंत उपटला गेला पाहिजे. नंतर रान खोल नांगर. लाल भुंग्याच्या अळ्या आणि फळमाशीचे कोष मातीतच असतात, मे महिन्याच्या उन्हानं ते मरतील. नगरच्या उन्हाला तुम्ही शिव्या घालता, हे ऊन तुमच्यासाठी फुकट काम करतं ते करून घेत नाही.

फुलं गळतात म्हणून तू टॉनिक मारलंस, खरं ना? बाटली बांधावर पडलीय. काकडीला आधी नर फुलं येतात, मादी मागाहून. मादी फुलाच्या देठाशी बोटाच्या पेराएवढी काकडी दिसते, नराच्या मागे नुसता देठ. नर फूल एक दिवस उघडतं, परागकण देतं आणि गळतं, ते गळणारच. दिवस मोठा आणि ऊन कडक झालं की नर फुलांचं प्रमाण आणखी वाढतं. दोन आणि चार पानांवर असताना संजीवकाची फवारणी केली तर मादी फुलं वाढतात, हे मी शिकवलं होतं. तेव्हा तू ती केली नाहीस आणि आता टॉनिकनं भरून काढायला निघालास. आणि ही वाकडी, एका टोकाला बारीक राहिलेली काकडी बघ. बाजारात हिला कोणी हात लावत नाही. परागकण पुरेसे पोचले नाहीत की फळ असं होतं. पोचवायचे कोणी? मधमाशीनं. पॉलिहाउसमधल्या परागाविना फळ धरणाऱ्या जातींना माशी लागत नाही, पण तू उघड्या रानात साधी काकडी लावली आहेस. सकाळी दहाला फवारून तू स्वतःचं उत्पन्न मारतोयस. फवारायची वेळ आलीच तर सूर्य कलल्यावर, माश्या पोळ्याकडे गेल्यावर. यात काही अवघड आहे का?

सापळे लावलेस, म्हणून तरी मी खूश होणार होतो. जवळ जाऊन आतली गोळी पाहिली तर मिथाईल युजेनॉल. ती आंबा-पेरूवरच्या फळमाशीची. काकडी, कारली, दोडका यांच्यावर येणाऱ्या माशीचा नर क्यू-ल्यूरकडे येतो. पाकीट उलटून वाचलं असतंस तर कळलं असतं. क्यू-ल्यूरचे सापळे एकरी पाच-सहा, फुलं लागायच्या आधी टांग. आणि सापळा लावला म्हणजे निवांत झोपायचं नसतं. तो फक्त नर पकडतो. मादी कोवळ्या काकडीच्या सालीखाली अंडी घालते, तिथून डिंकासारखा थेंब बाहेर येतो, आत अळ्या गर खातात आणि मोठ्या झाल्या की मातीत उतरून कोष करतात. तू डंख मारलेल्या काकड्या तोडून सरीत टाकल्यास. म्हणजे पुढची पिढी स्वतःच्या हातानं पेरलीस. त्या सगळ्या वेच, प्लास्टिकच्या पिशवीत भर, तोंड घट्ट बांध आणि चांगले काही दिवस उन्हात ठेव, नाहीतर दोन फूट खोल पूर. रोज. हे काम पोरांवर सोडू नकोस.

'जैविक काही चालत नाही सर' असं तू मघाशी म्हणालास. व्हर्टिसिलियम कधी मारलंस? अकरा वाजता. ती जिवंत बुरशी आहे. तिला ओल लागते, गारवा लागतो. भर उन्हात, तेही बुरशीनाशक भरलेला पंप न धुता तू ती फवारलीस, ती पानावर पडायच्या आतच मेली. राहुरी विद्यापीठाचं फुले बगीसाईड याच प्रकारातलं आहे. ते संध्याकाळी, रानाला पाणी दिल्यावर, स्वच्छ पंपानं, पानाच्या मागून मारायचं असतं. महात्मा फुले कृषी विद्यापीठ तुझ्याच तालुक्यात आहे. हिमांगी आणि फुले शुभांगी या काकडीच्या जाती तिथून निघाल्या. बाभळेश्वरला कृषी विज्ञान केंद्र आहे, शेवगावकडच्या लोकांना दहिगाव-नेचं आहे. तिथं एक पान घेऊन जायला पैसे पडत नाहीत. तू मात्र सल्ला तिथून घेतोस जिथं विकणारा आणि तपासणारा माणूस एकच आहे. त्या दुकानदारावर माझा राग नाही, तो त्याचा धंदा करतो. तुझी विद्या तू त्याच्या गल्ल्यावर ठेवून आलास, राग त्याचा आहे.

आणि या बांधावरचे कडुनिंब? जून-जुलैत खाली निंबोळ्यांचा सडा पडतो. आपल्या जिल्ह्यात कडुनिंबाला तोटा नाही. त्या वेचून, गर काढून, सावलीत वाळवून पोत्यात ठेवल्या असत्यास तर पाच किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळायची आणि शंभर लिटर पाणी करायचं, एवढाच खर्च. रोप दोन पानांवर असताना हा अर्क आणि पहाटे थंडीनं सुस्त झालेले लाल भुंगे हातानं वेचणं, एवढ्यावर पहिले पंधरा दिवस निघतात. क्रॉप कव्हर टाकलं असतंस तर भुंगा आत शिरलाच नसता. फुलं लागली की ते काढायचं, म्हणजे मधमाशीला वाट मोकळी.

पाण्याचंही बोलतो. काकडी कडू लागते अशी व्यापाऱ्याची तक्रार आली म्हणून तू बियाण्याला दोष दिलास. वेलाला उन्हाचा आणि पाण्याचा ताण बसला की कडवटपणा वाढतो, आणि तो देठाकडून सुरू होतो. काकडीची मुळं वरच्या थरात असतात. मुळा धरणाच्या कालव्याचं आवर्तन येईल त्या भरवशावर उन्हाळी काकडी होत नाही. एक दिवस तुडुंब आणि मग रान भेगाळेपर्यंत कोरडं, असं चालत नाही. ठिबकनं रोज थोडं द्यायचं. विहिरीत मेअखेरपर्यंत पाणी पुरेल का, हे तू लागवडीच्या आधी मोजलं होतंस? हिवरे बाजार याच जिल्ह्यात आहे. तिथं गाव दरवर्षी आधी पाण्याचा हिशेब मांडतं आणि मग पीक ठरवतं. एक एकराचं पाणी असताना तू दोन एकर लावलीस. तहानलेल्या वेलावर किडी आधी बसतात, आणि त्या किडींसाठी तू पुन्हा दुकानात गेलास.

आता बाटल्या दाखव. या तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या. झाकणं वेगळी, नावं वेगळी. मागचं तांत्रिक नाव वाच, मोठ्यानं वाच. तिन्हींत एकच घटक. म्हणजे महिनाभर तू एकच विष फिरवून फिरवून मारलंस आणि पांढऱ्या माशीला त्याची सवय लावलीस. या चौथ्या बाटलीवर तांबडा त्रिकोण आहे. तांबडा म्हणजे अतिविषारी, हे तुला पाठ होतं. माहितीपत्रकात काकडीचं नावच नाही. बिल कुठंय? घेतलंच नाहीस. आणि ते बादलीत ढवळलं कोणी? तुझ्या बायकोनं, हातानं. तोंडाला रुमाल, अंगात अर्ध्या बाहीचा शर्ट, पायांत काही नाही, असा तू फवारतोस. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. तीही तुझ्यासारखीच घरात बायका-मुलं असलेली माणसं होती. हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या घेतल्याशिवाय तू पुन्हा पंपाला हात लावलेला मला चालणार नाही, आणि घरातली बाई त्या बादलीजवळ दिसता कामा नये.

मी इतका चढून बोलतोय त्याचं खरं कारण अजून पुढंच आहे. वांगं शिजतं, भेंडी परतली जाते. काकडी कोणी शिजवत नाही. कोशिंबिरीत, खमंग काकडीत, उपासाच्या ताटात ती कच्चीच पडते, कित्येकदा सालीसकट. तान्ह्याला दात येताना आई तिचा गार तुकडा हातात देते. आणि या पिकाचा तोडा दर दोन-तीन दिवसांनी असतो. फवारणीनंतर अमुक दिवस तोडणी करू नये असं बाटलीवर लिहिलेलं असतं. तू मंगळवारी फवारलंस आणि गुरुवारी क्रेट भरून पुण्याला पाठवलेस. घरी खायला ठेवलेल्या दोन सऱ्या मात्र फवारल्या नाहीस, त्या मी ओळखल्या. म्हणजे तुला ठाऊक होतं. हे मी तुला माफ करणार नाही.

फळं लागल्यानंतर रासायनिक फवारणी शक्य तितकी टाळायची, म्हणूनच सगळी राखण फुलाच्या आधी करायची असते. उद्यापासून वही कर. सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, रानाच्या पाच जागी पाच-पाच वेल, प्रत्येकाचं वरचं, मधलं, खालचं पान, मागून. काय दिसलं, किती दिसलं, मित्रकीटक किती, पिवळ्या चिकट सापळ्यावर किती. शनिवारी वही घेऊन माझ्याकडे यायचं. महिनाभर.

आणि आजचं जे झालं त्याचं असं. बाटलीवर लिहिलेले दिवस मोज. ही चौथी बाटली काकडीसाठी नाहीच, तिच्यावर मोजायला दिवसही नाहीत. ती जिथं पडली त्या सऱ्यांतला माल या हंगामात विकायचा नाही. बाकीच्या सऱ्यांचे दिवस भरेपर्यंत तोडा करायचा, कारण काकडी वेलावर जून झाली की वेल पुढं फळ धरत नाही. पण तो माल बाजारात जाणार नाही, शेजाऱ्याला जाणार नाही, गोठ्यातही नाही. खड्डा करून पुरायचा. नुकसान होईल, मला माहीत आहे, कर्जाचा हप्ता आहे तेही माहीत आहे. हप्त्यासाठी सोसायटीत मी तुझ्याबरोबर येईन. उद्याची गाडी सांगून ठेवली आहेस ना? व्यापाऱ्याला माझ्यासमोर फोन लाव आणि गाडी नको म्हणून सांग.