घेण्याचे माप, देण्याचे माप



पवित्र कुरआनमधील सूरह अल-मुतफ्फिफीनचा आरंभ मापात खोट करणाऱ्यांच्या धिक्काराने होतो. स्वतः घेताना ज्यांना पुरेपूर माप हवे असते आणि दुसऱ्याला मोजून देताना मात्र जे घट करतात, त्यांना तेथे विनाशाचा इशारा दिला आहे. त्या महान दिवशी आपल्याला पुन्हा उठवून उभे केले जाणार आहे, याचा या लोकांना विचार नाही काय, असा प्रश्नही लगेच केला आहे.

बाभुळगावच्या शेतकऱ्याला या शिकवणीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कापसाची गाडी काट्यावर चढली की त्याचे डोळे काट्यावरून हलत नाहीत. वर्षभराचे कष्ट, मुलीचे लग्न, सावकाराचे देणे, सारे त्या काट्यावर चढलेले असते. तिथली किलोभर खोटसुद्धा त्याच्या काळजाला बोचते. परंतु अल्लाहने ज्या दुहेरी मापाचा धिक्कार केला, ते बाजारातल्या तराजूपुरते मर्यादित आहे काय? एका राष्ट्राने आपल्या नागरिकांच्या जिवासाठी एक माप ठेवावे आणि दूरच्या राष्ट्रातील मजुराच्या जिवासाठी दुसरे, याला आपण काय म्हणावे? हा प्रश्न आपल्या जिल्ह्यानेच जगापुढे ठेवला आहे.

२०१७ च्या पावसाळ्याच्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारणाऱ्या शेकडो शेतकऱ्यांना व शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीपर्यंत वाढली होती. फवारा वर धरावा लागे आणि औषधाचे तुषार चेहऱ्यावर, छातीवर येत. अनेकांकडे हातमोजे नव्हते, तोंडाला बांधण्यासाठी रुमालाखेरीज काही नव्हते. राज्य शासनाने चौकशीसाठी विशेष पथक नेमले आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली.

त्या हंगामात वापरल्या गेलेल्या औषधांपैकी एक होते ‘पोलो’. त्यातील मूळ रसायनाचे नाव डायफेंथियुरॉन. ते विकणाऱ्या सिंजेंटा कंपनीचे मुख्यालय स्वित्झर्लंडमधील बासेल येथे आहे. त्या देशात आणि युरोपीय संघात या रसायनाच्या वापराला परवानगी नव्हती. तरीही स्वित्झर्लंडमधून ते भारतात पाठवले जात होते. सप्टेंबर २०२० मध्ये विषबाधा झालेल्या ५१ शेतकऱ्यांच्या व त्यांच्या कुटुंबांच्या वतीने काही संघटनांनी स्वित्झर्लंडच्या शासकीय तक्रार-केंद्राकडे दाद मागितली. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी परदेशांत कसे वागावे, याची मार्गदर्शक तत्त्वे आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या सदस्य राष्ट्रांनी मान्य केली आहेत. त्यांचे पालन होते की नाही हे पाहण्यासाठी हे केंद्र आहे. त्याच सुमारास एक बाधित शेतकरी आणि दोन मृत शेतकऱ्यांच्या विधवा यांनी बासेलमध्ये नुकसानभरपाईचा दावा मांडला. कंपनीने आपल्यावरील आरोप नाकारले.

येथे आपण थोडे थांबले पाहिजे. सूरह अल-माइदामध्ये अल्लाहने श्रद्धावंतांना बजावले आहे की, एखाद्या समूहाविषयीच्या रागाने तुम्हाला न्यायापासून ढळवू नये. तेव्हा कोणत्या औषधामुळे कोणाचा जीव गेला, याचा निवाडा पुराव्यावर व्हावा. आपल्या संतापावर नव्हे. परंतु एक गोष्ट निवाड्याची वाट पाहत नाही. जे रसायन स्वतःच्या मातीत नको, ते दुसऱ्याच्या मातीत चालते, हा व्यवहारच दुहेरी मापाचा आहे. आपल्यासाठी जे पसंत करतो तेच आपल्या बंधूसाठी पसंत केल्याखेरीज ईमान पूर्ण होत नाही, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये स्वित्झर्लंडच्या शासनाने डायफेंथियुरॉनसह पाच कीटकनाशकांच्या निर्यातीवर बंदी घालण्याचा निर्णय केला आणि २०२१ च्या आरंभापासून ती लागू झाली. उशिरा का होईना, तेथे घेण्याचे आणि देण्याचे माप जवळ आले.

या प्रकारच्या व्यापारासाठी जगाने एक करारही केला आहे. १९९८ साली नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे तो संमत झाला आणि २००४ पासून अमलात आला. भारत २००५ मध्ये त्यात सामील झाला. या कराराच्या यादीत आलेले घातक रसायन आयात करणाऱ्या देशाला आधी पूर्ण माहिती देऊन, त्याची संमती असेल तरच पाठवता येते. आपल्याकडे अनेक वर्षे सर्रास फवारले गेलेले मोनोक्रोटोफॉस या यादीत आहे. मात्र या कराराची एक मर्यादा आहे. यादीत नवे नाव घालण्यासाठी सर्व सदस्य राष्ट्रांची सहमती लागते. त्यामुळे तज्ज्ञांच्या समितीने शिफारस करूनही काही रसायने मोजक्या देशांच्या विरोधामुळे वर्षानुवर्षे यादीबाहेर राहिली आहेत. पॅराक्वाट नावाच्या तणनाशकाविषयी असेच घडले.

हे वाचून आपल्यापैकी कोणी म्हणेल, “आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे बलवंतांचा खेळ. त्याला ना पोलीस, ना तुरुंग. त्याचा आपल्याला काय उपयोग?” ही निराशा समजण्यासारखी आहे. गाझापासून म्यानमारपर्यंत निरपराधांची दैना पाहणाऱ्या मनात ती येणारच. परंतु आपल्या प्रेषितांची (स.) रीत या निराशेला थारा देत नाही.

प्रेषितत्व लाभण्यापूर्वीची, मक्केतील घटना आठवा. यमनमधील जबीदचा एक व्यापारी माल घेऊन आला. कुरैशचा मातब्बर सरदार आस बिन वाइल याने माल घेतला आणि मोबदला देण्यास नकार दिला. त्या परक्याचा मक्केत ना कबिला होता, ना पाठीराखा. त्याने अबू कुबैस टेकडीवर चढून आपले गाऱ्हाणे मांडले. तेव्हा काही कबिल्यांचे लोक अब्दुल्लाह बिन जुदआनच्या घरी जमले आणि त्यांनी शपथ घेतली की, पीडित मक्केचा असो वा बाहेरचा, त्याचा हक्क मिळेपर्यंत आपण एकत्र उभे राहू. व्यापाऱ्याला त्याचा हक्क मिळवून दिला गेला. हाच ‘हिल्फुल फुजूल’. तरुण मुहम्मद (स.) त्या करारात सहभागी होते. पुढे प्रेषितत्व लाभल्यानंतरही त्यांनी सांगितले की, आजही त्या करारासाठी कोणी हाक दिली तर मी ओ देईन.

या घटनेतील सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्या. तो करार करणारे मूर्तिपूजक होते. त्यांच्याकडे सैन्य नव्हते, न्यायालय नव्हते. शब्द होता आणि तो पाळण्याची हिंमत होती. न्यायाचा करार कोणी लिहिला हे प्रेषितांनी (स.) पाहिले नाही, त्याने कोणाचे रक्षण होते हे पाहिले. याच परंपरेत इमाम अबू हनीफा (रह.) यांचे शिष्य इमाम मुहम्मद अश-शैबानी (रह.) यांनी राष्ट्राराष्ट्रांतील युद्ध, तह आणि परकीयांचे हक्क यांवर ‘सियर’ या शास्त्राचे ग्रंथ रचले. त्यांचे निधन हिजरी १८९, म्हणजे इ. स. ८०५ मध्ये झाले. राष्ट्रांनाही नियम बांधतात, ही कल्पना मुसलमानाला परकी नाही.

करार मोडणाऱ्यांसाठी सूरह अन-नहलमध्ये एक दाखला आला आहे. कष्टाने पक्के सूत कातून झाल्यावर ते स्वतःच उलगडून तुकडे-तुकडे करणाऱ्या स्त्रीसारखे होऊ नका, असे तेथे बजावले आहे. असे का घडते, तेही सांगितले आहे. एक समूह दुसऱ्याहून वरचढ झाला की त्याला दिलेल्या शपथा फसवणुकीचे साधन वाटू लागतात. कापसाच्या मुलखात राहणाऱ्या आपल्यासाठी याहून जवळचा दाखला कोणता? राष्ट्रे सभेत बसून सूत कातत असतात आणि स्वार्थ आडवा आला की तेच सूत उलगडतात.

पण वाचकहो, बासेल आणि रॉटरडॅमचे माप तपासल्यावर बाभुळगावचे माप तपासणे राहून जाऊ नये. प्रेषित (स.) मदीनेच्या बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला. आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. तेव्हा त्यांनी विचारले की, मग लोकांना दिसावे म्हणून ते वर का ठेवले नाही? आणि फसवणूक करणारा आमच्यापैकी नाही, असे बजावले. रॉटरडॅमच्या कराराने राष्ट्रांवर जी अट घातली, तीच चौदाशे वर्षांपूर्वी एका धान्य-विक्रेत्यावर घातली गेली होती : दोष लपवू नका, घेणाऱ्याला आधी कळू द्या.

म्हणून ज्या बांधवाचे कृषी सेवा केंद्र आहे, त्याने स्वतःला विचारावे. डब्यावरील लाल किंवा पिवळ्या त्रिकोणाचा अर्थ मी निरक्षर गिऱ्हाइकाला सांगतो काय? जास्त नफ्यासाठी दोन-तीन औषधे एकत्र मारायला सांगतो काय? हे न सांगणे म्हणजे ओले धान्य तळाशी ठेवणे आहे. ज्याचे शेत आहे, त्याने विचारावे की, रोजाने आणलेल्या फवारणीवाल्याला मी हातमोजे, मुखपट्टी, साबण-पाणी देतो काय? वाऱ्याच्या दिशेने फवारायला लावतो की दुपारच्या उन्हात घाई करतो? स्वतःच्या मुलाला ज्या पऱ्हाटीत पंप घेऊन पाठवणार नाही, तिथे मजुराला पाठवत असू, तर त्या दूरच्या कंपनीकडे बोट दाखवण्याचा आपल्याला काय अधिकार? मजूर मुसलमान असो वा नसो, त्याच्या जिवाचे माप एकच आहे. आणि जो स्वतः फवारतो, त्याने लक्षात ठेवावे की शरीर ही अल्लाहची अमानत आहे. शिकलेल्या तरुणांनी डब्यासोबतचा बारीक अक्षरांतील कागद घरोघरी वाचून दाखवावा. पीडिताची तक्रार लिहून देणे, त्याचे कागद जपून ठेवणे, त्याच्यासोबत कचेरीत जाणे, ही हिल्फुल फुजूलला दिलेली ओ आहे. बासेलपर्यंत पोहोचलेला दावाही कोणीतरी गावात बसून, कागद गोळा करूनच उभा राहिला असेल.

आखिरतच्या दिवशी राष्ट्रांचे प्रतिनिधी आपल्या करारांचा जाब देतील. आपल्याला मात्र आपल्या दुकानाचा, आपल्या शेताचा आणि आपल्या मजुराचा जाब द्यावा लागेल. त्या तराजूत राईच्या दाण्याएवढेही कर्म सुटत नाही.

हे अल्लाह! घेताना व देताना आम्हाला एकच माप धरण्याची सद्बुद्धी दे. आमच्या शेतात घाम गाळणाऱ्यांच्या जिवाचे रक्षण कर, जे निघून गेले त्यांच्या मागे राहिलेल्यांना धीर व न्याय दे, आणि आम्हाला पीडिताच्या हाकेला ओ देणाऱ्यांपैकी कर. आमीन.