खडकावरचा कुत्रा आणि चित्रकलेचा तास

सौदी अरेबियाच्या उत्तरेकडे हाइल प्रांतात जुब्बा नावाचे गाव आहे. चहूबाजूंनी नफूद वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्या आणि मधल्या सखल जागेत, जिथे एकेकाळी तळे होते तिथे, ही वस्ती. शेजारच्या उम्म सिनमान डोंगराच्या वालुकाश्मावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी दगडाने ठोकून काढलेली चित्रे आहेत. प्रांताच्या दक्षिणेला शुवैमिसलाही अशीच चित्रे आहेत, आणि २०१५ साली युनेस्कोने ही दोन्ही ठिकाणे मिळून जागतिक वारसा यादीत घेतली. मारिया ग्वान्यीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या १,४०० हून अधिक चित्रफलकांचा अभ्यास करून २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत ३४९ कुत्र्यांची नोंद आहे. ही चित्रे आठ हजार वर्षांहून जुनी असावीत असा त्यांचा अंदाज आहे. कुत्र्यांचे कान उभे, मुस्कट आखूड, शेपटी वर वळलेली. अंगावरचे पट्टे आणि छातीवरचे ठिपके सगळ्यांचे सारखे नाहीत. जणू काढणाऱ्याला ते एकेक ओळखीचे होते. काहींच्या गळ्यापासून शिकाऱ्याच्या कमरेपर्यंत एक रेघ जाते. ती दोरी असेल तर माणसाने कुत्रा दोरीने बांधून नेल्याचा हा जगातला फार जुना पुरावा ठरतो.

त्या माणसाला चित्रकला कोणी शिकवली हे सांगता येणार नाही, पण त्याला काय येत होते ते खडकावर दिसते. त्याला पाहता येत होते. कान कसा उभा राहतो, शेपटी कुठून वळते, दोरी कुठे बांधतात, हे त्याने इतके नीट पाहिले होते की आज प्राणिशास्त्राचे अभ्यासक त्या रेषांवरून कुत्र्याच्या जातीबद्दल तर्क करू शकतात. प्राथमिक शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला मुलांनी काय शिकावे, या प्रश्नाचे माझे उत्तर या खडकावरच आहे. मुलांनी पाहायला शिकावे. रंग, कागद, माती, कात्री हे सगळे त्यासाठी. सुबकपणा आला तर उत्तम, न आला तरी तास वाया गेला असे समजू नये.

आपल्या शाळांत सहसा याच्या उलट घडते. दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध किरणांचा सूर्य, खाली वाकडी नदी, काठावर कौलारू घर आणि एक नारळाचे झाड. हे चित्र प्रत्येक मराठी वाचकाने काढलेले असते. लातूरच्या मुलाच्या अंगणात नारळ नसला, सोलापूरच्या मुलीने डोंगरामागून उगवणारा सूर्य कधी पाहिलेला नसला, तरी वहीत मात्र हेच येते. नोकरीसाठी आखातात गेलेल्या आईवडिलांचे मूल हाइलमध्ये वाढत असेल, तर त्याच्या खिडकीतून अजा पर्वताचा तांबूस ग्रॅनाइट दिसेल, आणि त्याचे सुळके त्रिकोणी मुळीच नाहीत. तरी त्याला त्रिकोण काढायला शिकवले, तर आपण त्याला खिडकीकडे पाठ करायला शिकवले असे होते. फळ्यावर बाईंनी काढायचे, मुलांनी उतरवायचे, रेघेबाहेर रंग गेला की गुण कापायचे. या रीतीत मूल चित्राची खूण शिकते. वस्तू त्याच्यापासून दूरच राहते.

या रीतीचे मूळ बाईंच्या आळसात शोधणे अन्यायाचे होईल. मुंबईत १८५७ साली सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली ती कारागिरांच्या हाताला शिस्त लावण्याच्या हेतूने, आणि नमुना समोर ठेवून तो बिनचूक उतरवणे हा त्या शिस्तीचा पाया होता. पुढे एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ग्रेड परीक्षांनी महाराष्ट्रात चित्रकला खेड्यापाड्यांतल्या शाळांपर्यंत पोचवली, हे त्यांचे मोठे काम आहे. त्या परीक्षांत वस्तुचित्र आहे, स्मरणचित्र आहे. म्हणजे पाहण्याला जागा आहे. पण त्या मोठ्या मुलांसाठी आहेत. त्यांची सावली पहिली-दुसरीच्या वर्गावर पडली आणि सहा वर्षांच्या मुलाकडूनही परीक्षेतली सफाई मागितली जाऊ लागली, तिथे बिघडले.

याविरुद्ध युरोपात बंड झाले ते फ्रान्झ चिझेकचे. व्हिएन्नात १८९७ साली त्याने मुलांसाठी चित्रवर्ग काढला आणि मोठ्यांनी मध्ये पडू नये, मुलांना आपल्या मनाचे काढू द्यावे, असा आग्रह धरला. पुढे व्हिक्टर लोवेनफेल्डच्या १९४७ च्या पुस्तकाने हा विचार शिक्षकांच्या प्रशिक्षणात नेला. मला या विचाराबद्दल आदर आहे. त्याने मुलाच्या चित्राला चूक म्हणणे थांबवले. पण ‘हवे ते काढा’ एवढेच सांगून शिक्षक बाजूला झाला, तर मूल काय काढते? बहुतेक वेळा तेच दोन डोंगर, किंवा हल्ली कार्टूनमधला चेहरा. मोकळीक दिली तरी मनात जे साठलेले आहे तेच कागदावर येणार. आणि नवव्या-दहाव्या वर्षी मुलाला स्वतःच कळू लागते की आपला घोडा घोड्यासारखा दिसत नाही. मग ते पेन्सिल खाली ठेवते आणि ‘मला चित्र येत नाही’ असे म्हणते. ते अनेकजण आयुष्यभर म्हणत राहतात.

जॉर्ज-आंरी ल्यूके या फ्रेंच अभ्यासकाने १९२७ साली मांडले की लहान मूल दिसते ते काढत नाही, माहीत असते ते काढते. म्हणून टेबलाचे चारही पाय दिसतात, घराच्या भिंतीआडची आजी दिसते. याला दोष समजण्याचे कारण नाही. कोकणात बारसूच्या सड्यावर जांभ्यात कोरलेले कातळशिल्प पाहा: मधला माणूस समोरून, दोन्ही बाजूंचे वाघ कुशीवरून. कोरणाऱ्याने प्रत्येकाची ओळख पटेल अशी बाजू निवडली. मूलही हेच करते. पण ल्यूकेचे म्हणणे खरे असेल तर त्यातून शिक्षकाचे काम ठरते. मूल माहीत असलेले काढते, तर त्याला अधिक माहीत करून द्यावे, आणि हे माहीत होणे पुस्तकातून न होता डोळ्यांतून आणि बोटांतून व्हावे.

खजुराची झावळी घ्या. हाइलमध्ये ती हाताशी आहे; महाराष्ट्रात तिची सख्खी बहीण शिंदी ओढ्याकाठी उभी असते. मुलांपुढे नारळाची एक आणि शिंदीची एक अशा दोन झावळ्या ठेवा आणि काढायला सांगा. पहिल्या दहा मिनिटांत दोन्ही सारख्याच निघतील: मधे दांडा, दोन्हीकडे रेघा. मग विचारा, पाती दांड्याला जिथे चिकटते तिथे ती कशी दुमडली आहे? नारळाची पाती उलट्या पन्हळीसारखी, कडा खाली. शिंदीची आणि खजुराची कडा वर करून, पाणी साठेल अशी. बुडाकडे बोट नेऊ द्या. नारळाच्या दांड्याला काही टोचत नाही; शिंदीच्या बुडाकडच्या पात्या काटे होऊन बसलेल्या असतात आणि बोट मागे येते. आता पुन्हा काढायला सांगा. दुसरे चित्र पहिल्यापेक्षा सुंदर असेलच असे नाही, पण त्यात काटे असतील. त्या मुलाला वनस्पतिशास्त्रातला एक खरा भेद कळला आहे, आणि तो सांगून कळवलेला नाही.

पहिली हरकत वेळेची येते. वाचन-गणित कच्चे असताना चित्रकलेचे लाड कशाला? या हरकतीमागची काळजी खरी आहे. पण गांधीजींनी आत्मकथेत आपल्या वाईट अक्षराबद्दल खंत करताना सुचवले होते की मुलांना अक्षरांआधी चित्र शिकवावे. पक्षी-फुलांसारखीच अक्षरेही मुलाने आधी डोळ्यांनी टिपावीत. वर्ध्याजवळ सेवाग्रामला नई तालीमच्या शाळेत शांतिनिकेतनहून आलेले देवी प्रसाद १९४४ पासून चित्रकला शिकवत होते आणि कलेला शिक्षणाचा पायाच मानत होते. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली पाड्यांतल्या मुलांसाठी बालशिक्षण उभे केले ते परिसरातल्या पाने-बिया-दगडांवर. ‘घ’ आणि ‘ध’ यांतला फरक ज्याला डोळ्यांनी पकडता येतो तो मुलगा वाचायला लागतो. ती पकड याच तासाला तयार होते.

दुसरी हरकत अधिक नाजूक आहे. काही मुस्लिम घरांत सजीवांची चित्रे काढणे टाळतात. हाइलमध्येही, आणि ज्या कोकणी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे आखातात गेली तिथेही. शाळेने त्या मुलाला बळेच घोडा काढायला लावू नये. पाहण्यासाठी घोडाच लागतो असे नाही. झाडे आणि निर्जीव वस्तू काढण्याला त्या परंपरेतही सहसा हरकत घेत नाहीत. झावळी तर झाडाचीच. शिवाय पाहण्याची फार कठोर तालीम त्याच संस्कृतीत आहे. असीर भागातल्या बायका घराच्या आतल्या भिंतींवर रंगवतात त्या अल-कत्तला युनेस्कोने २०१७ साली अमूर्त वारशात घेतले, बेदुइन बायकांच्या सदू विणकामाला २०२० साली. त्रिकोण, पट्टा, अंतर, पुनरावृत्ती. एक धागा चुकला तर पुढची सगळी नक्षी सरकते. असा पट्टा चौकटीच्या कागदावर उतरवताना तिसरीतले मूल जे मोजते, ते गणिताच्या तासालाही उपयोगी पडते.

तिसरी हरकत जाणकारांची असते, आणि तिच्यात मला सर्वांत जास्त तथ्य दिसते. नक्कल इतकी वाईट आहे का? ब्रेंट आणि मार्जरी विल्सन यांनी १९७७ साली दाखवले की मुले एकमेकांच्या आणि छापील चित्रांतून उचलूनच चित्रभाषा शिकतात. वारली मुलगीही लग्नाचा चौक लिहिणाऱ्या बायकांच्या हाताकडे पाहूनच शिकते, आणि दोन त्रिकोणांचा माणूस हा साचाच आहे. हे मान्य. पण जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रातला तो त्रिकोणी माणूस कमरेत कसा वाकतो यावरून तो जाळे टाकतो आहे की भात झोडतो आहे ते कळते. साचा तोच, पण त्यात पाहिलेले आयुष्य भरले आहे. मुलांनी परंपरेतून जरूर उचलावे. उचलल्यावर ते आपल्या अंगणातल्या माणसाला लावून पाहावे. वारलीचा तास म्हणून तयार छापील ठोकळ्यातली माणसे रंगवून घेणे हा मात्र त्या कलेचा अपमान आहे.

शेवटी राहते शिक्षकांची अडचण: एका बाईंकडे सगळे विषय, आणि त्यांना स्वतःला चित्र येत नाही. पण या तासाला शिक्षकाला चित्र यावेच लागते असे नाही. त्याला विचारता आले पाहिजे. कान कुठून निघाला? सावली कोणत्या बाजूला आहे? यातले सर्वांत खरखरीत काय? मागच्या आठवड्यात काढले तेव्हा हे दिसले नव्हते का? असे प्रश्न कोणत्याही चांगल्या शिक्षकाला सुचतात, आणि त्यांना पैसे पडत नाहीत.

एक गोष्ट जाता जाता नोंदवायला हवी. नफूदमधल्या खडकांवर गुरांचीही चित्रे आहेत, आणि आज तिथे गुरे चरतील असे गवत नाही. कोकणच्या सड्यांवर गेंडा कोरलेला आहे, आणि कोकणात आज गेंडा नाही. तिथे एकेकाळी कुरणे होती, पाणी होते, याच्या पुराव्यांत नीट पाहून काढलेल्या या रेषाही येतात. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सडे तुडवत कातळशिल्पे नोंदवली. २०२२ साली महाराष्ट्र-गोव्यातली नऊ ठिकाणे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्या सड्यांच्या आसपासच्या शाळांतली मुले चित्रकलेच्या वहीत अजून दोन डोंगर आणि सूर्यच काढत असतील, तर ती उणीव त्यांची नाही.

जूनमध्ये शाळा सुरू होतील तेव्हा मुख्याध्यापकांनी एवढे करून पाहावे. पहिले दोन महिने पहिली ते चौथीच्या वर्गात फळ्यावर चित्र काढायचे नाही आणि छापील चित्र वाटायचे नाही. मुलांनी घरून एकेक वस्तू आणावी, ती हातात धरावी, काढावी, आणि पंधरा दिवसांनी तीच पुन्हा काढावी. दोन्ही कागद जपून ठेवावेत. पालकांनी ते पाहताना ‘छान’ म्हणण्याआधी ‘यात तुला नवीन काय दिसले?’ असे विचारावे. आणि सहामाही जवळ आली म्हणून तो तास गणिताला देऊ नये.