अंथरुणाची लांबी

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण म्हणतो. आमचे गुजराती शेजारी 'पछेडी जोईने सोड ताणवी' म्हणतात. बडोद्याच्या मराठी घरांतली मुले दोन्ही म्हणी ऐकत वाढतात. पण मुळात अंथरूण किती लांब असावे, हे दोन्ही भाषा सांगत नाहीत. माणसाला सुखाने जगायला किती पैसा लागतो, हा प्रश्न म्हणून शिल्लकच राहतो.

माझी निवृत्ती जवळ आली आहे. परवा रात्री मी महिन्याच्या खर्चाचा कागद केला. वाणसामान, औषधे, लाइटबिल, लग्नकार्यांचे अहेर, सगळे मांडले. सौ.ने तो वाचला आणि विचारले, "ताईंना दरमहा पाठवतो ते कुठे आहे?" माझी विधवा बहीण गावी एकटी असते. विसरलो, असे मी म्हणालो. खरे म्हणजे बेरीज आवाक्यात यावी म्हणून मी ती रक्कम वगळली होती.

दुसऱ्या दिवशी दांडिया बाजारातून जाताना श्री अरविंदांचे घर लागले, आणि त्यांचा हिशेब आठवला. १८९३ मध्ये ते सयाजीराव महाराजांच्या सेवेत दरमहा २०० रुपयांवर आले. पुढे पगार बराच वाढला. त्यांचे विद्यार्थी आर. एन. पाटकर यांनी आठवण लिहून ठेवली आहे की, पगाराचे पैसे टेबलावरच्या तबकात उघडे पडलेले असत. कुलूप नाही, जमाखर्च नाही. विचारले तर हसून म्हणत, हिशेब देव ठेवतो. मला लागेल तेवढे देतो, बाकीचे आपल्याकडे ठेवतो.

पण हा नुसता निष्काळजीपणा नव्हता. ३० ऑगस्ट १९०५ रोजी पत्नी मृणालिनीदेवींना लिहिलेल्या बंगाली पत्रात त्यांनी कबूल केले की, आजवर आपण देवाला दोनच आणे दिले आणि चौदा आणे स्वतःच्या सुखाला लावले. कुटुंबाच्या निर्वाहापुरतेच आपले, उरलेले ठेवणारा चोर, असा त्यांचा निवाडा होता. बहिणीला पैसे देणे सोपे आहे, पण देशातली तीस कोटी माणसेही भावंडेच आहेत, असे ते लिहितात. पुढच्याच वर्षी ते कलकत्त्याच्या राष्ट्रीय महाविद्यालयात दरमहा १५० रुपयांवर गेले.

हे वाचून मान लवते, पण एक शंका राहते. निर्वाहापुरते म्हणजे किती, हे ठरवताना मृणालिनीदेवींना कोणी विचारले होते का? त्यांचे बरेचसे आयुष्य पतीपासून दूर गेले आणि १९१८ मध्ये त्या वारल्या. तीस कोटींना पांघरूण घालू पाहणाऱ्याच्या हिशेबातही घरचे एक माणूस कडेला राहू शकते. माझ्यासारख्याच्या हिशेबातून तर सख्खी बहीणच गळते.

म्हणून मला वाटते, सुखाचा आकडा एकट्याने काढू नये. अंथरुणात कोण कोण निजणार हे आधी ठरवावे, त्या सगळ्यांना विचारावे आणि मग लांबी मोजावी. पैसे कमी पडले तर पाय सर्वांनीच थोडे आखडावेत; एकाला जमिनीवर निजवून उरलेल्यांनी ऐसपैस पसरू नये.

त्या रात्री मी कागद पुन्हा काढला. ताईची रक्कम सगळ्यांत वर लिहिली आणि खालचे आकडे सौ.च्या हाती दिले. बेरीज अजून जमलेली नाही. झोप मात्र लागली.