निषेधाचें मोल

मनुष्याच्या कर्तव्यांचे विधि आणि निषेध असे दोन भाग आपल्या शास्त्रकारांनीं फार पूर्वीं पाडले. अमुक करावें हा विधि, अमुक करूं नये हा निषेध. पतंजलींनीं सांगितलेल्या पांच यमांपैकीं अहिंसा, अस्तेय व अपरिग्रह या तिहींच्या नांवांतच नकार आहे. तथापि लोकव्यवहारांत मान मिळतो तो विधीला. ज्यानें विहीर बांधली त्याचें नांव दगडावर कोरलें जातें. त्या विहिरीच्या हिशोबांत ज्यानें एक पैहि खाल्ली नाहीं त्याचें नांव कोणी विचारीत नाहीं. यावरून असा एक पक्ष निघतो कीं, न करणें हा गुणच नव्हे, तो केवळ दोषाचा अभाव होय. दगडहि चोरी करीत नाहीं, म्हणून काय दगडाला साधु म्हणावें? या पक्षाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे, आणि त्यासाठीं दृष्टांत घेतला आहे तो ग्रंथांतला नव्हे, विजेच्या धंद्यांतला.

धाराशिव जिल्ह्यांत मांजरा नदीच्या कांठीं कळंब हें तालुक्याचें गांव आहे. अशा तालुक्याच्या गांवीं दोन प्रकारचीं दुकानें हटकून आढळतात. एक फ्लेक्सचें : तेथें वाढदिवसाचे, निवडीचे व अभिनंदनाचे फलक यंत्रांतून पाहतां पाहतां छापून निघतात आणि चौकांत झळकतात. दुसरें मोटार वायंडिंगचें : तेथें शेतावरच्या जळालेल्या मोटारी येतात. कारागीर जळकी तार उपसून काढतो, लोखंडी खांचांत रोधक कागद बसवितो, इनॅमल चढविलेल्या तांब्याच्या तारेचे वेढे भरतो, आणि शेवटीं वार्निश पाजून उष्णतेनें वाळवितो. पाण्यानें भरलेल्या मोटारीस प्लास्टिकच्या वेष्टनाची तार लागते. फलक असतो तो लोकांनीं पाहावा म्हणून. कागद, इनॅमल व वार्निश हीं पुन्हां कोणाच्या दृष्टीस पडत नाहींत.

हीं दोन दुकानें एकमेकांस परकीं वाटतात; परंतु इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या कारखान्यांत अलीकडे जी एक कला रुजत आहे, तींत एकाचें यंत्र व दुसऱ्याचें वार्निश यांचा संगम झाला आहे. ही कला म्हणजे रोधक द्रव्यांचें इंकजेट मुद्रण. मूळ तत्त्व फलक छापण्याचेंच. मात्र शाईच्या जागीं वीज अडविणारी राळ. ज्या पदार्थांस शास्त्रांत बहुवारिक आणि बाजारांत पॉलिमर म्हणतात, त्यांचा पातळ रस केंसाहूनहि बारीक छिद्रांतून थेंबाथेंबानें उडवितात. छिद्रामागच्या स्फटिकास विजेचा ठोका बसतांच तो किंचित् आकार बदलतो आणि एक थेंब बाहेर फेंकला जातो. दहा पिकोलिटरचा, म्हणजे लिटरच्या दहा हजार कोटीव्या भागाचा थेंब व्यासानें सुमारें २७ मायक्रोमीटर, मिलिमीटरच्या तिसाव्या भागाहूनहि लहान, असतो. असे थेंब पसरून एकमेकांस मिळतात आणि अतिनील प्रकाशानें किंवा उष्णतेनें कठीण होतात. सर्किट बोर्डावर जो हिरवा लेप दिसतो तो देण्याची रूढ रीत अशी कीं, सबंध बोर्ड माखावयाचा, हवा तेवढाच भाग प्रकाशानें पक्का करावयाचा आणि उरलेला धुऊन टाकावयाचा. मुद्रणाच्या रीतींत जेथें अडविणें अवश्य तेथेंच लेप पडतो.

परंतु ही कला दिसते तितकी सोपी नाहीं. चहाचा थेंब वाळला म्हणजे कडेला गडद कडें उमटतें आणि मध्य फिका राहतो. कॉफीच्या डागांत दिसणाऱ्या या प्रकाराचें कारण शिकागो येथील संशोधकांनीं १९९७ सालीं स्पष्ट केलें : कडेची वाफ जलद होते, आणि ती तूट भरून काढण्यास आंतला द्रव आपल्याबरोबर कण घेऊन कडेकडे धांवतो. द्रावकांत विरघळविलेल्या रोधकाचा थेंबहि याच रीतीनें मध्यें विरळ होऊं शकतो. म्हणून निरनिराळ्या उत्कलनबिंदूंचे द्रावक मिसळून हा ओघ आंवरतात. एखादें छिद्र तुंबलें किंवा धुळीचा कण बसला, तर लेपांत सुईच्या अग्राएवढें भोंक राहतें. फलकावर असा एक ठिपका चुकला तर चेहऱ्यास कांहीं बाध येत नाहीं. पाहणाऱ्याची दृष्टि तो भरून काढते. वीज मात्र तेवढेंच भोंक शोधून काढते. म्हणून एका थरावर दुसरा थर देतात, कीं एकाची चूक दुसऱ्यानें झांकावी.

विधि आणि निषेध यांतील खरा भेद आम्हांस येथें दिसतो. विधीचें माप बेरजेनें घेतां येतें. या वर्षीं दान थोडें झालें, पुढच्या वर्षीं अधिक केलें, तर खातें जुळतें. पण वर्षांतले तीनशें चौसष्ट दिवस हिशोब चोख ठेवून एके दिवशीं अफरातफर करणाऱ्याची बेरीज कशी मांडावी? लेपाचे शंभरांत नव्याण्णव भाग निर्दोष होते, हें ज्याला धक्का बसला त्याच्या काय उपयोगाचें? शिवाय तार तुटली तर मोटार बंद पडते आणि दोष तेव्हांच कळतो. रोधक फुटला तर ती कित्येकदां चालूच राहते, आणि दोष कळतो तो रात्रीच्या विजेवर पाणी देतांना ओल्या वाफ्यांत उभा राहून लोखंडी पेटीस हात लावणाऱ्या शेतकऱ्यास.

आतां दगडाचा आक्षेप. इंग्लंडांत स्टीफन ग्रे यानें १७२९ सालीं वीज दोरीवरून लांब नेण्याचे प्रयोग केले. दोरी रेशमी धाग्यांवर टांगली असतां वीज शेंकडों फूट गेली. धागा तुटला म्हणून पितळेची बारीक तार आधारास लाविली, तेव्हां वीज त्या तारेवाटेंच निसटली. दोरी तीच होती. फरक पडला तो आधाराच्या स्वभावानें. रेशीम तेथें नुसतें लोंबत नव्हतें, निसटूं पाहणाऱ्या विजेला तें पावलोपावलीं अडवीत होतें. दगडापुढें मोह नसतो. रोधकावर दाब असतो. दाबाखालीं टिकलेला नकार हा अभाव नव्हे, ती शक्ति आहे.

तथापि निषेध जितका जाड तितका चांगला, असें मानणें हीहि चूक आहे. खांचेंत कागद फार भरला तर तांब्यास जागा उरत नाहीं, आणि वीज अडविणारे बहुतेक लेप उष्णताहि कोंडतात. तापमान दहा अंश वाढलें कीं रोधकाचें आयुष्य सुमारें अर्धें होतें, असा या शास्त्रांतला जुना ठोकताळा आहे. आपल्या समाजानेंहि निषेधांचे असेच थर चढविले. अस्पृश्यता हा त्यांतला सर्वांत निंद्य. तिनें कोणाचेंहि अनिष्टापासून रक्षण केलें नाहीं, फक्त माणसें तोडलीं, आणि १९५० पासून संविधानाच्या १७ व्या कलमान्वयें ती नष्ट ठरली. योग्य रोधक याच्या उलट आहे : त्याच्यामुळेंच बटणास निर्धास्तपणें हात लावतां येतो. तेव्हां जो निषेध स्पर्श निर्भय करतो तो धर्म, आणि जो स्पर्शच बंद करतो तो अधर्म, ही कसोटी आम्हांस पुरेशी वाटते.

राहिला प्रश्न मानाचा. वायंडिंगच्या कारागिरानें वार्निशाची दुसरी पाळी टाळली, किंवा कारखान्यांतल्या माणसानें तुंबलेल्या छिद्राकडे काणाडोळा केला, तर तें त्याच दिवशीं कोणास कळणार नाहीं. ज्यानें तसें केलें नाहीं त्याचा फलक चौकांत लागावा, असें आमचें म्हणणें नाहीं. मोटार नेण्यापूर्वीं मेगर लावून तिचा रोध तपासावा, आणि दुसऱ्या पाळीची मजुरी घासाघीस न करतां द्यावी. न दिसणाऱ्या कामाचा एवढा मान राखणें कोणत्याहि गिऱ्हाइकास शक्य आहे.