आठात एक कमी

आजचे वाचन: उत्पत्ती 1:26-31, 9:8-17



काल नातीला विभाजक शिकवत होतो. सहाला 1, 2 आणि 3 ने भाग जातो. खुद्द सहाला सोडून या तिघांची बेरीज केली, तर पुन्हा सहाच! अशी संख्या परिपूर्ण. बाराचे 1, 2, 3, 4, 6. बेरीज 16, म्हणजे अधिक. आठाचे 1, 2, 4, बेरीज सात. नात म्हणाली, "आजोबा, एक कमी पडला. आपल्या घरासारखा." ही गेल्यापासून आमच्याकडे आठाची सात ताटं झाली आहेत. मी गप्पच बसलो.

संख्यांचे हे तीन वर्ग इ.स. 100 च्या सुमारास गेरासाच्या निकोमाखसने मांडले. पुढे संत ऑगस्टीन यांनी 'देवाचे नगर' या ग्रंथात लिहिले की सृष्टी सहा दिवसांत झाली ती देवाला वेळ लागला म्हणून नव्हे, तर त्याच्या कामाची परिपूर्णता दिसावी म्हणून. आठव्या शतकातल्या अल्क्विन यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. जलप्रलयानंतर मानवजात पुन्हा सुरू झाली ती तारवातल्या आठ जणांपासून, आणि आठ ही उणी संख्या आहे. दुसरी सुरुवात पहिलीइतकी परिपूर्ण नव्हती.

खरंच आहे. पण वाचकहो, पुढे पाहा. देवाने त्या उण्या आठांना टाकलं नाही. तारवाचं दार त्याने स्वतः लावलं, आणि मेघधनुष्याचा करार केला तो त्यांच्याशीच.

1 ते 100 मध्ये परिपूर्ण संख्या दोनच, 6 आणि 28. अधिक 22. उरलेल्या 76 उण्याच! आपणही बहुतेक त्यांच्यातलेच. कुणाच्या घरात माणूस कमी, कुणाच्या अंगात बळ कमी, कुणाचा विश्वास कमी. आपली बेरीज आपल्यापुरतीही भरत नाही. जिथे ती कमी पडते, तिथेच कृपेला जागा असते.

संख्येत तारण नाही, हेही लक्षात असू द्या. तारण प्रभूत आहे.

आज रात्री सात ताटं मांडताना मी रिकाम्या जागेकडे पाहून रडेनही. पण प्रार्थना करूनच जेवेन.

प्रार्थना: हे देवबापा, आमचं उणेपण तू जाणतोस. ते लपवायला नको, तुझ्या हाती द्यायला शिकव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.