काठोकाठ

रिकामं भांडं दिसलं की मला अस्वस्थ वाटतं. हा दोष माझा नव्हे, संस्कारांचा आहे. आमच्या लहानपणी नळाला पाणी यायचं पहाटे, आणि ते आलं की घागर, कळशी, बादली, एवढंच काय, पूजेचं फुलपात्रसुद्धा भरून ठेवायचं, अशी आईची आज्ञा होती. दुसऱ्या दिवशी नळ आला की कालचं पाणी 'शिळं' म्हणून मोरीत ओतायचं आणि नवं भरायचं. एका रात्रीत त्या पाण्याला काय होतं, हे आईला विचारायची कुणाची प्राज्ञा नव्हती. पुढं संसारात पडल्यावर मीही पिंप, धान्याचे डबे, जादा गॅस सिलिंडर आणि बँकेतली मुदत ठेव या सर्वांच्या बाबतीत हेच व्रत चालवलं. भरलेलं ते शुभ. सुवासिनीची ओटी भरतात, रिकामी करत नाहीत.

अशा माणसाच्या हाती नातवानं आपल्या बॅटऱ्या सोपवल्या, ही त्याची चूक.

त्याच्याकडे रिमोटवर पळणारी मोटार आहे. तिला खेळणं म्हटलेलं त्याला खपत नाही. तिच्या पोटात विटेच्या अर्ध्या तुकड्याएवढी एक लिथियमची बॅटरी बसते. अशा दोन बॅटऱ्या. जूनमध्ये तो बारावीला गेला आणि सूनबाईंनी हुकूम काढला, की परीक्षा होईपर्यंत गाडी माळ्यावर. पोरानं मुकाट्यानं गाडी वर ठेवली आणि बॅटऱ्या माझ्याकडे दिल्या. "आबा, एवढ्या सांभाळा."

मी सांभाळल्या. म्हणजे दर महिन्याच्या एक तारखेला पेन्शनीच्या पासबुकाबरोबर त्या बाहेर काढल्या आणि चार्जरला लावून गच्च भरल्या. बहुतेक वेळा त्या भरलेल्याच असायच्या. तरी पण लोणच्याची बरणी जशी आपण उगीच हलवतो, तशी मी त्यांची विचारपूस करी.

दिवाळीत क्लासला चार दिवस सुट्टी मिळाली. पोरगं आनंदानं कपाटाकडे धावलं आणि तिथनंच ओरडलं, "आबा, काय केलासा हे?"

एक बॅटरी पुरीसारखी टम्म फुगली होती. दुसरी अजून सभ्य दिसत होती.

मग मला धडा मिळाला. या बॅटरीच्या प्रत्येक कप्प्याला ४.२ व्होल्ट म्हणजे काठोकाठ. ३ व्होल्टच्या खाली गेली की ती कायमची बिघडते. आणि जी लगेच वापरायची नाही ती ३.८ च्या आसपास, म्हणजे साधारण अर्धी भरून, थंड जागी ठेवायची. भरगच्च ठेवली, तर त्या ताणानं आतला द्रव हळूहळू विघटित होतो, वायू धरतो आणि मऊ पिशवी फुगते. फुगलेलीला पुन्हा भरायला जाल, तर पेटसुद्धा घेईल. आमच्या हिच्या लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीत वाळू घालून तीत ती फुगलेली बॅटरी ठेवली, झाकण न लावता, गच्चीच्या कोपऱ्यात. इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्याकडे ती जाईपर्यंत आमची ही माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होती. बरणी माहेरची होती.

पण खरा धक्का पुढंच बसला. वाचलेली बॅटरी त्यानं चार्जरला लावली, कसलं तरी बटण दाबलं, आणि चार्जर तिला भरायच्याऐवजी रिकामी करायला लागला! आत बारकासा पंखा घरघरत होता आणि गरम वारा बाहेर येत होता.

"अरे, ही वीज जाते कुठं?"

"कुठं नाही. हवेत."

पैसे भरून घेतलेली वीज, जाणूनबुजून, हवेत! मी पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. ५००० मिलिअँपिअर-अवर आणि ७.४ व्होल्ट म्हणजे भरलेल्या बॅटरीत ३७ वॉट-तास. त्यातले निम्मे गेले, तर एका युनिटचा जेमतेम पन्नासावा हिस्सा. पैशांत सांगायचं तर त्यात शेंगदाण्याची पुडीही येणार नाही. तरी पण त्या दोन-अडीच तासांत मला उमाळे येत होते. प्रश्न पैशाचा नव्हताच. मिळवलेलं हातानं सोडून द्यायचं, यात काही तरी पाप आहे असं आत कुठं तरी बसलेलं असतं, आणि ते पाटी-पेन्सिलीनं निघत नाही.

कोल्हापूरकराला हे खरं म्हणजे सांगावं लागू नये. आमचं राधानगरी धरण शाहू महाराजांनी बांधायला घेतलं. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, कुणाला विचारत नाहीत. मग भोगावतीचं पाणी पंचगंगेला येतं आणि आम्ही छत्र्या घेऊन पूर बघायला जातो. ऑगस्ट २०१९ मध्ये मात्र पूरच आम्हाला बघायला घरात आला. महामार्ग बंद, दूध बंद, पेट्रोल बंद. पाणी ओसरल्यावर गावभर एकच वाद. धरणं आधीच थोडी रिकामी का ठेवली नाहीत? मीही कट्ट्यावर तावातावानं हेच बोलत होतो. तेव्हा करवीर तालुक्यातला एक ऊसवाला शांतपणे म्हणाला, "आणि जुलैत सोडलं अन् पुढं पाऊसच नाही आला, तर मेमध्ये उसाला काय तुमचं भाषण पाजू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, तेव्हाही नव्हतं. भरलेलं धरण ही त्याची मुदत ठेव होती. ती मोडा म्हणणं सोपं असतं, विशेषतः दुसऱ्याची.

मध्यम मार्गाची महती गौतम बुद्धांनी सांगितली, ॲरिस्टॉटलनं सांगितली, गीतेनं खाण्या-झोपण्यापर्यंत सांगितली. तिघांनाही आपण मान डोलावून आलो आणि घरी येऊन पिंप काठोकाठ भरलं. लिथियमच्या बॅटरीबद्दल २०१९ मध्ये ज्या तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांतले एक ९७ वर्षांचे होते. त्यांचं आडनाव गुडइनफ. आपल्या भाषेत 'एवढं पुरे'. आडनावं असली, की तत्त्वज्ञानाची पुस्तकं घ्यावी लागत नाहीत. आमच्या घराण्याचं आडनाव त्या मानानं फारच महत्त्वाकांक्षी आहे.

तर पंखा घरघरत होता आणि मी पोराकडे बघत होतो. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. पहाटे क्लास, मग कॉलेज, मग पुन्हा क्लास, रात्री सराव परीक्षा. हे अकरावीपासून चाललंय. बाजूला बसून तो आकडा उतरताना बघत होता, ८.४, ८.२, ८.१, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला कित्येक महिन्यांत न दिसलेलं समाधान होतं. या पोराला कुणी भरून ठेवलाय? त्याच्या आईबापानं, असं म्हणायला मी तोंड उघडणार होतो. तेवढ्यात आठवलं, मागच्या सराव परीक्षेत ९१ टक्के पडले तेव्हा, "बाकीचे नऊ कुठं सांडलास?" असं विचारणारा मीच होतो. एक तारखेला त्यालाही मीच चार्जरला लावत होतो.

रात्री धीर करून सूनबाईंपुढं विषय काढला. बॅटरीचं सगळं शास्त्र सांगितलं. त्यांनी भाजी निवडता निवडता शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे ठेवायची असली, की अर्धी?"

"बरोबर."

"आणि पळवायच्या आधी?"

"तेव्हा फुल."

"मग आबा, बारावी हे पळवायचं वर्ष नाही का?"

मी गप्प बसलो. ऊसवाल्यापुढं बसलो होतो तसाच. पळवायच्या आधी पूर्ण भरायची, हे तितकंच खरं. पण पळवायच्या आदल्या दिवशी भरायची की दोन वर्षं आधीपासून भरून ठेवायची? हे मला सुचलं ते रात्री दोन वाजता, आणि त्या वेळी सुनेला उठवून वाद घालण्याची आमच्याकडे पद्धत नाही. सकाळी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. फडकं घेऊन ओटा पुसत राहिल्या. मी आपला पेपर उघडला.

त्या रविवारी संध्याकाळी पोरगं पुस्तकात डोकं घालून बसलं होतं. सूनबाई माझ्या कपाटापाशी आल्या. हातात तीच वाचलेली बॅटरी, फुटू नये म्हणून तान्हं मूल धरावं तशी धरलेली.

"आबा, ही पूर्ण भरायला किती वेळ लागतो हो?"

"अर्धी आहेच. पाऊण तासात होईल."

"लावा मग. पण शेजारी बसून राहा हं, मागच्यासारखं नको. आणि गांधी मैदानावर जाणार असाल, तर आठच्या आत परत या दोघं. उद्या त्याचा केमिस्ट्रीचा पेपर आहे."